सांधा

रस्त्याच्या अल्याड आमची फॅक्टरी, पल्याड त्यांची.
मधे एक टपरी. दोन्हीकडच्या बाया
एकाच थर्मासातली कॉफी पितात,
बाकं मात्र वेगळी.
आमचा कोट निळा, त्यांचा राखाडी.
आमच्या खेळाच्या पेटीला सोळा बिट,
त्यांच्या पेटीलाही सोळाच,
पण टीव्हीवरचा माणूस ओरडून सांगतो
आमचे सोळा जास्त पळतात.
बिट म्हणजे काय, मला कुणी सांगितलं नाही.
मी स्क्रू मोजते. पेटीला सात,
शिफ्टला तीनशे चाळीस पेट्या.

माझी पाठची बहीण एदिल्झा पल्याड आहे.
एका बसने येतो, एका थांब्यावर उतरतो,
मग ती डावीकडे, मी उजवीकडे,
मानौसच्या खाली त्या दोन नद्या जशा,
एक काळी, एक गढूळ,
अंगाला अंग लावून कोसभर वाहतात
आणि मिसळत नाहीत.
परदेशी पाहुण्यांना बोटीतून नेऊन दाखवतात हे.
आम्हाला बघायला कुणी येत नाही.

घरी तिचा जोआकिं आणि माझा वाग्नेर
एकाच झोळीत उलटसुलट पडून भांडतात.
कुणाच्या पेटीत रंग जास्त,
कुणाचा घोडा खऱ्यासारखा खिंकाळतो.
पेटी दोघांकडेही नाही.
भांडायला पेटी लागत नाही, जाहिरात पुरते.

मार्चमधे त्यांनी किंमत उतरवली.
आठवड्यात आम्ही उतरवली.
मग दोन्हीकडच्या जेवणातलं मांस उतरलं.

गुरुवारी इंजिनिअर ओस्मारिनोने मला बोलावलं.
टेबलावर त्यांची पेटी, पोट उघडं.
चिपांवरचे नंबर खरवडलेले,
चोरीच्या गुरांवरचे डाग पुसावेत तसे.
'तुझी नजर बारीक आहे,' तो म्हणाला,
'कुठे हात आखडलाय ते शोध.'

मी भिंग लावलं.
पॉवरच्या खटक्यापाशी, जिथे मशीन पोचत नाही,
माणसाचाच हात लागतो,
तिथे एक सांधा. टोकाला बारीक शेपटी,
डावीकडे वळलेली.

माशाचा रस्सा वाढताना
पळीच्या टोकाचा शेवटचा थेंब
एदिल्झा अशीच मनगट झटकून तोडते.

त्याच्या शेजारचा सांधा कच्चा होता.
फिकट, खरबरीत, थिजलेल्या तुपासारखा.
नखाने ढकलला तर डुलला.
सहा महिन्यांत कुणाच्या तरी घरी
ऐन खेळात पडदा काळा.
तळाच्या चिठ्ठीवर तारीख होती, नऊ जून.

आठ जूनच्या रात्री जोआकिं तापाने फणफणला होता.
ती रात्रभर पाण्याच्या घड्या बदलत बसली
आणि पाचची बस पकडली.
नको जाऊस म्हटलं होतं मी.
म्हणाली, खाडा केला तर दोन दिवसांचे कापतात.

'सापडलं काही?'

सांगितलं असतं तर
महिन्याभरात दुकानादुकानात पोस्टर लागलं असतं,
आणि पल्याड कुणीतरी
तारखेवरून शिफ्ट, शिफ्टवरून टेबल,
टेबलावरून माणूस काढला असता.

'काम सुबक आहे,' मी म्हटलं.
'आपल्यापेक्षा एक स्क्रू कमी.'
त्याने वहीत स्क्रू लिहून घेतला
आणि साहेबांकडे पळाला.

माझी इस्त्री अजून गरम होती, ती सोल्डरची.
कच्च्या सांध्याला टेकवली,
दोन आकडे मोजले.
धूर निघाला, मग धातू वितळून
माशाच्या डोळ्यासारखा लकाकला.
शेपटी काही मला जमली नाही. मी उजवी.

पुढच्या महिन्यापासून आमच्या पेटीला सहाच स्क्रू,
शिफ्टला तीनशे सत्तर पेट्या.
वर्षअखेरीस कोण जिंकलं म्हणे,
टपरीवर वाद चालू होता, मी ऐकला नाही.

त्या गुरुवारी बसमधे एदिल्झाने विचारलं,
'आज एवढी गप्प का?'
'तुमची पेटी पाहिली, आतून.'
'मग? कशी आहे?'

'डावखुरी,' मी म्हटलं.